मुंगीच्या पाठीवरची बोटं

मी लेबलं तपासते. छपाईला जाण्याआधी बाटलीच्या मागच्या बाजूचा, कोणी कधी वाचत नाही तो बारीक मजकूर मी भिंग लावून अक्षर न अक्षर वाचते. शाम्पू, फरशी पुसायचं औषध, भांड्यांचा साबण, बाळाची पावडर. 'मुलांच्या हाती लागू देऊ नये.' 'डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे.' नऊ वर्षं हेच वाचत होते आणि संध्याकाळी घरी जाऊन त्याच साबणाने खुशाल भांडी घासत होते. मग मुलगी झाली आणि तोच मजकूर मला खायला उठला.

ती सहा महिन्यांची असताना मी घरातल्या सगळ्या बाटल्या दाराशी रांगेत उभ्या केल्या. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. तो कामावरून आला, रांग बघितली, आणि बूट काढून स्वतःच रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. "माझ्या अंगाला ग्रीस आहे. मलाही टाकणार ना?" मी हसले नाही. त्या दिवसांत मी फारशी हसत नसे.

हळूहळू घरात व्हिनेगर, सोडा आणि लिंबू एवढंच उरलं. दर पंधरा दिवसांनी मी सालीसकट लिंबं वाटून भांड्यांचा साबण करायचे. नवऱ्याच्या हातांचं ग्रीस त्याने निघायचं नाही, म्हणून तो कामाच्या पिशवीत चोरून कडक साबण ठेवायचा. मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. मुलीच्या अंगाला मी साध्या पाण्याखेरीज काही लागू दिलं नाही. उन्हाचं क्रीमसुद्धा नाही, कारण त्याचं लेबल माझ्याच हाताखालून गेलं होतं. लोक मला इन्स्पेक्टरबाई म्हणायला लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. घरात साखरेचा कण कुठेही सांडू दे, ही तिथे हजर. ती दोन वर्षांची झाली तेव्हा समोरच्या इमारतीतल्या पाळणाघरात जायला लागली. तळमजल्यावर पुढच्या दोन खोल्यांत मुलं, आणि मागच्या खोलीत पाळणाघर चालवणाऱ्या बाई राहायच्या. त्यांना मुलं आत्या म्हणायची, म्हणून मुलांचे आईबापही आत्याच म्हणायचे. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पाळणाघर बंद पडलं तर त्यांच्याकडे दुसरं काहीही नव्हतं. हे मला नंतर कळलं असं म्हणायची सोय नाही. मला ते पहिल्यापासून माहीत होतं.

पहिल्याच दिवशी दारात मला फिनेलचा वास आला.

"आत्या, हे बंद करावं लागेल."

"का गं? फरशी स्वच्छ नको?"

"स्वच्छ हवीच. पण मुलं फरशीवर लोळतात आणि तेच हात तोंडात घालतात. मी तुम्हाला घरून व्हिनेगरचं पाणी आणून देत जाईन."

मी दिलेली बाटली उघडून आत्यांनी वास घेतला आणि नाक मुरडलं. "अगं, याने पुसलं तर पोरांना फरशी बघूनच भूक लागेल." मग हसल्या. "बरं, आण. तुझ्या जिवाला तेवढंच बरं वाटेल."

आणि त्यांनी खरंच वापरलं. दीड वर्ष वापरलं. मी अधूनमधून जाऊन हुंगून यायचे. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. उलट नवीन पालक आले की सांगायच्या, "या मुंगीच्या आई. यांच्याकडून शिका."

एका सोमवारी पाळणाघरात दोन मुलांना उलट्या झाल्या. मंगळवारी सकाळी मुंगीला कपडे घालताना मला तिच्या पाठीवर लाल चट्टे दिसले. दोन्ही बाजूंना काखेच्या खाली, पाठीकडे गेलेले, आणि पुढे छातीवरही थोडे. त्यावर बारीक फोड. हात लावला की ती कळवळायची. मी तिला तशीच कडेवर घेऊन समोर गेले आणि दारातच फिनेलचा वास आला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"काल दोन पोरांनी उलट्या केल्या गं," आत्या म्हणाल्या. "तुझ्या पाण्याने तसली घाण जात नाही. म्हणून एकदाच पुसलं, पोरांना दुसऱ्या खोलीत बसवून. नंतर साध्या पाण्याने दोनदा काढलंय."

"आणि हे?" मी मुंगीचा फ्रॉक वर केला.

"अगोबाई! हे कशाने झालं?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय."

त्या वाकून बघत राहिल्या. "पण फरशीचं काही लागलं असतं तर पायांना लागलं असतं ना? गुडघ्यांना, तळव्यांना. पाठीला कसं लागेल?"

प्रश्न शहाणा होता. म्हणूनच मी आवाज चढवला. दीड वर्ष मी विश्वास ठेवला, तुम्ही पाठीमागून हे केलंत, माझ्या मुलीच्या जिवाशी खेळलात, असं बरंच काही मी इतर मुलांच्या समोर बोलले. घरी येऊन पालकांच्या ग्रुपवर पाठीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "पाळणाघरात पुन्हा फिनेल वापरलं जातंय. प्रत्येकाने आपापल्या मुलाचा विचार करावा." संध्याकाळपर्यंत सातातली दोन मुलं निघाली होती. मला वाटलं, चांगली अद्दल घडली.

डॉक्टरकडे जाऊ, असं नवरा रोज म्हणायचा. मी नाही म्हणायचे, कारण डॉक्टर मलम देणार आणि त्या मलमाच्या मागे काय छापलेलं असतं ते मी त्याला पाठ म्हणून दाखवू शकत होते. मी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत राहिले. मुंगीला घेऊन सुट्टीवर बसले. चारपाच दिवसांत फोड बसले, लाली गेली, आणि तिथे तपकिरी डाग उमटले. डाग पडतच असतात, मी फार लक्ष दिलं नाही.

लक्ष दिलं ते जुळ्यांच्या आईने. ती बँकेत असते, तिची दोन्ही मुलं आत्यांकडेच. शनिवारी बागेत मुंगी बिनबाह्यांचा फ्रॉक घालून घसरगुंडीवर चढत होती. जुळ्यांच्या आईने तिला थांबवलं आणि फ्रॉकची मागची बटणं काढून पाठ बघितली.

"ही बोटं आहेत," ती म्हणाली.

"कसली बोटं?"

"माणसाची. बघ ना. चार या बाजूला, चार त्या बाजूला. आणि पुढे हे दोन अंगठे. कुणीतरी पोरीला गच्च धरून गदागदा हलवलंय."

मी बघितलं. बोटंच होती. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

मारल्याने फोड येत नाहीत, फोड तर मी स्वतः बघितले होते, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. का गिळलं, ते आता सांगायलाच हवं. आत्यांच्या त्या प्रश्नानंतर फिनेलवरचा माझा विश्वास आतून डळमळला होता. फिनेल नसेल तर मी सगळ्यांसमोर खोटी पडणार होते. आणि इथे कोणीतरी मला आयतंच जास्त बरोबर ठरवत होतं. मी जास्त बरोबर ठरणं पत्करलं.

जुळ्यांच्या आईने तिथूनच ग्रुपवर लिहिलं. लगेच चारजणांनी मला विचारलं, खरं आहे का? मी लिहिलं, "मला अजून नक्की काही सांगता येत नाही." अशी वाक्यं मी रोज तपासते. त्यात खोटं काही नसतं आणि ती कोणाला वाचवण्यासाठी लिहिलेली असतात ते लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

घरी येऊन मी मुंगीला समोर बसवलं. "आत्यांनी तुला मारलं का?"

ती चटईचा धागा ओढत होती. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, "हो."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीवर मांडी घालून तिच्यासमोर बसला. "मुंगे, तुला हत्तीने मारलं का?"

"हो."

"आणि चंद्राने?"

"हो. इथे," तिने गुडघा दाखवला.

"झालं समाधान?" नवरा मला म्हणाला. हे तरी ग्रुपवर लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही.

सोमवारपर्यंत पाळणाघरात एकच मूल उरलं, एका नर्सचा मुलगा. तिने ग्रुपवर लिहिलं होतं, "माझा मुलगा तिथेच राहील. मी त्या बाईंना ओळखते." तिला कोणी उत्तर दिलं नाही. मीही नाही. आत्यांचे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. मग संध्याकाळी कचरा टाकायला खाली उतरले तर त्या आमच्या जिन्याशी उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"मला बाकीच्यांचं काही नाही," त्या म्हणाल्या. "तू माझ्याकडे बघून सांग. मी हिला मारलं असेन, असं तुला वाटतं?"

वाटत नव्हतं. एक क्षणही वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "आत्या, मी आई आहे. मला काय वाटतं त्याला आता अर्थ नाही."

काय वाक्य होतं! आजही आठवलं की माझे कान तापतात. त्या मान हलवून गेल्या.

बुधवारी नवऱ्याने रजा टाकली. "लोक एक दिवस जिने चढतील," म्हणाला आणि मुंगीला खांद्यावर बसवून चालायला लागला. मी मागे मागे गेले. त्वचेच्या डॉक्टर साठीच्या असाव्यात. त्यांनी मुंगीची पाठ दिव्याखाली धरली, पुढून बघितली, मागून बघितली, आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"घरात लिंबं कोण पिळतं?"

मला वाटलं, त्या विषय बदलतायत. "मी. पण डॉक्टर, आमच्या घरात केमिकल अजिबात येत नाही. मी सगळं लिंबाचंच—"

"लिंबात केमिकल नसतं असं तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांनी अगदी सहज विचारलं, टोमणा मारायचा म्हणून नाही. "लिंबाच्या सालीचा रस अंगाला लागला आणि त्यावर कडक ऊन पडलं की कातडी भाजते. त्या वेळी काही कळत नाही. एक-दोन दिवसांनी लाल होतं, फोड येतात, मग काळपट डाग. ते जातील, पण काही महिने घेतील. तोवर उन्हात झाकून न्या. जरा तुमचे हात बघू."

मी हात पुढे केले. त्यांनी ते मुंगीच्या काखेखाली, जसं आपण लहान मुलाला उचलताना धरतो, तसे ठेवले. माझी बोटं डागांवर बसली. सगळी. अंगठेसुद्धा.

मुंगीला गुदगुल्या झाल्या आणि ती खिदळली.

मला तो रविवार आठवला. गच्चीवर मी चाळीस लिंबं वाटली होती. कोपरापर्यंत हात रसाने चिकट झाले होते. मुंगी उघडीच होती, कारण कोवळ्या अंगाला ऊन लागलेलं चांगलं, हेही मीच सगळ्यांना सांगायचे. तिला कठड्यापलीकडचं कबूतर बघायचं होतं. "आई, वर!" मी तिला उचललं, तशाच हातांनी, पुन्हा पुन्हा उचललं. हात धुवावेत असं मनातही आलं नाही. कशाला धुवायचे? लिंबाचा रस तर होता. मग दुपारपर्यंत आम्ही उन्हात कबुतरं मोजत बसलो होतो. फार छान सकाळ होती ती.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर नवरा एक शब्द बोलला नाही. इतर वेळी त्याला माझी टर उडवायला एवढंसं निमित्त पुरतं. त्या दिवशी त्याने मला एकदा हसावं, चिडवावं, काहीही करावं असं वाटत होतं. मला रस्त्यावरून चालतानासुद्धा लाज वाटत होती, जणू येणाराजाणारा माझ्या हातांकडे बघत होता. मी हात ओढणीत गुंडाळले.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहायला बसले. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी जमलं असं वाटलं ते नवऱ्याला वाचून दाखवलं. "सर्वांना कळवण्यात येते की, डॉक्टरांच्या मते मुंगीला झालेला त्रास हा काही नैसर्गिक घटक आणि सूर्यप्रकाश यांच्या एकत्रित परिणामामुळे झालेला असून त्याचा पाळणाघराशी संबंध असल्याचे दिसून येत नाही. गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत."

"छान आहे," नवरा म्हणाला. "बाटलीच्या मागे छापायला. पण यात तू कुठे आहेस?"

"म्हणजे?"

"लिंबाचे हात कोणाचे होते? कबुतराचे?"

मी त्याच्यावर ओरडले. तुला काय जातं बोलायला, सगळी काळजी मी एकटीने करायची आणि चुकले तर फाशीही मीच जायचं, असं म्हणाले. तो ऐकून घेत होता. ओरडता ओरडता मला रडू फुटलं. मग मी ते सगळं पुसलं आणि लिहिलं, "मुंगीच्या पाठीवरची बोटं माझी आहेत. मी लिंबाच्या रसाच्या हातांनी तिला उचललं आणि उन्हात बसवलं, त्याने ती भाजली. आत्यांनी तिला काहीही केलेलं नाही. त्यांनी मारलं असेल असं मला कधीच वाटलं नव्हतं, तरी मी गप्प बसले. माझं चुकलं."

पाठवायच्या बटणाशी माझा अंगठा किती वेळ अडला होता ते मी सांगणार नाही.

उत्तरं पटापट आली. "किती प्रामाणिक आहेस गं!" "सलाम तुला." हृदयं, जोडलेले हात, फुलं. एका आईने तर विचारलं, मग आता भांड्यांना काय वापरायचं? जुळ्यांच्या आईने लिहिलं, "बरं झालं कळलं. तरी आम्ही दुसरीकडे पैसे भरलेत, आता तिथेच ठेवू. मुलांच्या बाबतीत जपलेलं बरं." कोणीही आत्यांबद्दल काही लिहिलं नाही. माझं कौतुक मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत चाललं होतं, आणि प्रत्येक फुलागणिक मला जास्त मेल्यासारखं होत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुंगीला घेऊन पाळणाघरात गेले. आत्यांनी जाळीचं दार उघडलं.

"या," त्या म्हणाल्या. दीड वर्ष मला 'ये' म्हणणाऱ्या बाई.

आत एकटा नर्सचा मुलगा ठोकळे रचत बसला होता. सहा छोट्या गाद्या घडी करून भिंतीशी लावलेल्या. फरशी नुकतीच पुसलेली होती आणि तिला व्हिनेगरचा वास येत होता. त्या दिवसांत माझ्यावर जे काही कोसळलं, त्यात हा वास सगळ्यात जड होता.

"आत्या, मी काल लिहिलं."

"नर्सबाईंनी वाचून दाखवलं."

"माझं चुकलं. तुम्ही म्हणाल ते मी करते. एकेकाच्या घरी जाते, सांगते सगळ्यांना."

"जा हवं तर." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी पायाशी बसून सगळा ऐकून घेतला असता. "पण फिनेलचं असतं तर लोक विसरले असते. बोटांचं नाही विसरत कोणी. काल कोपऱ्यावरच्या दुकानात एक पोरगं माझ्या अंगाशी येऊन उभं राहिलं. त्याच्या आईने त्याला ओढून घेतलं."

मुंगीला या सगळ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. तिने माझा हात सोडला, धावत आत्यांपाशी गेली आणि दोन्ही हात वर केले. "आत्या, वर!"

आत्या सवयीने वाकल्या. त्यांचे हात पुढे आले आणि मध्येच थांबले. त्यांनी ते मागे घेतले, पदराला पुसले. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"तुमची हरकत नसेल तर उचलू का हिला?"

मुंगी चवड्यांवर उभी राहून "वर, वर" ओरडत होती. आत्या तशाच अर्धवट वाकून माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. बावीस वर्षं त्यांनी लोकांची पोरं उचलली होती. मी "हो" म्हणाले.